थ्रॉटल बॉडीच्या गरम पाण्याच्या नळ्या बायपास कराव्यात का? खान्देशातल्या उन्हाळ्यापुरतं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. भुसावळच्या एका भाऊंकडे २०१२ची दीड लिटरची पेट्रोल सेदान आहे. रोज भुसावळ-जळगाव, अधूनमधून धुळ्यापर्यंत फेरी. मे महिन्यात एसी लावला की गाडी उचल घेत नाही, ट्रक ओलांडायचा तर तिसऱ्या गिअरमध्ये टाकावी लागते. मोबाइलवरच्या स्कॅनर ॲपमध्ये अजिंठा चौफुलीवर उभं असताना इन्टेक हवेचं, म्हणजे इंजिन आत ओढतं त्या हवेचं, तापमान ६८ अंश दिसतं. थ्रॉटल बॉडीला (ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या, दोन बारीक नळ्या येतात, त्या काढून एकमेकींना जोडल्या, म्हणजे बायपास केल्या, की इंजिनाला थंड हवा मिळते, असं त्यांना कुणीतरी सांगितलंय. तर ते करावं का, आपल्याकडे बर्फ पडत नाही मग कंपनीने त्या नळ्या दिल्याच कशाला, आणि इंजिनाला काही धोका आहे का?

भाऊ, आधी उत्तर सांगतो, मग कारणं. नळ्या नीट बायपास केल्या तर आपल्या भागात वर्षातला बहुतेक काळ इंजिनाचं काही बिघडणार नाही. पण तुमची तक्रारही जाणार नाही, कारण तुमचे ६८ अंश त्या नळ्यांमुळे आलेलेच नाहीत. तुम्ही पाठवलेला फोटो मोठा करून बघितला. तुमच्या गाडीत हवेच्या तापमानाचा सेन्सर एअर फिल्टरच्या डब्याला लागून, रबरी पाइप जिथे सुरू होतो तिथे, एअर फ्लो मीटरच्या सोबतच बसवलेला आहे. थ्रॉटल बॉडी त्याच्यापुढे चांगली हातभर. म्हणजे थ्रॉटलपर्यंत पोचायच्या आधीच हवा ६८ अंशांना गेलेली आहे. पुढे तिच्यासोबत काय होतं हे त्या सेन्सरला कळत नाही, कळणं शक्यही नाही. अशा गाडीत बायपास करून ‘माझं रीडिंग दहा अंशांनी उतरलं’ म्हणणारे भेटतात. त्यांनी दुसऱ्यांदा मोजलं तो दिवस बहुधा ढगाळ असावा.

काही गाड्यांत हा सेन्सर थ्रॉटलच्या पुढे, मॅनिफोल्डवर (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांवर), प्रेशर सेन्सरच्या जोडीने असतो. तिथे नळ्यांची उष्णता थोडीफार रीडिंगमध्ये येते. म्हणून दुसऱ्या गाडीवरचा आकडा आपल्या गाडीला लावण्याआधी सेन्सर कुठे आहे ते बघायचं.

आता नळ्या कशासाठी. थ्रॉटल गोठायला बर्फ पडावा लागत नाही. बटरफ्लाय, म्हणजे थ्रॉटलमधली गोल झडप, जवळजवळ बंद असतं तेव्हा त्या बारीक फटीतून हवा प्रचंड वेगाने जाते आणि वेग घेताना गार होते. बाहेर पाच-दहा अंश तापमान आणि दमट हवा असेल तर त्यातली वाफ बटरफ्लायच्या कडेला धरते आणि तिथेच गोठते. शिवाय इंजिनाच्या पोटातली ओलसर वाफ पीसीव्हीच्या नळीने इन्टेकमध्येच सोडलेली असते, तिचीही भर पडते. कार्ब्युरेटरच्या काळात हा त्रास जास्त होता, कारण पेट्रोलचीही तिथेच वाफ व्हायची आणि ती होताना तापमान वीस-वीस अंशांनी उतरायचं. जुन्या काही गाड्यांच्या फिल्टरच्या डब्यावर उन्हाळा-हिवाळा अशा दोन खुणा असत. हिवाळ्याच्या खुणेवर फिरवलं की हवा एक्झॉस्टच्या बाजूची, गरम झालेली घेतली जायची. इंजेक्शनच्या गाड्यांत पेट्रोल पुढे, व्हॉल्व्हच्या तोंडाशी पडतं, त्यामुळे थ्रॉटल तितकं गार होत नाही, पण धोका शून्यही होत नाही. कंपनी एकच गाडी मनालीलाही विकते आणि मुक्ताईनगरलाही, म्हणून सगळ्यांनाच नळ्या देते.

आणि आपल्याकडे अगदीच थंडी नसते असंही नाही. जानेवारीत धुळ्याचा पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो. नंदुरबार जिल्ह्यात तोरणमाळ आणि डाबकडे दव गोठल्याच्या बातम्या येतात. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात पहाटे धुकं धरतं. अशा पहाटे कमी थ्रॉटलवर लांब पल्ला मारला तर एखाद्या गाडीचं आयडल (पाय न दाबता इंजिन आपोआप फिरतं ते) हुंदके द्यायला लागेल, ॲक्सिलरेटर जरा अडकल्यासारखा वाटेल. गंमत म्हणजे पाच-दहा मिनिटं गाडी थांबवली की इंजिनाच्या उष्णतेने ते वितळून जातं आणि मेकॅनिकच्या दारात गाडी एकदम शहाण्यासारखी वागते. म्हणून हा बिघाड सापडत नाही. सहसा आपल्याकडे होतही नाही, पण चांदसैलीच्या घाटातून हिवाळ्यात पहाटे नेहमी जाणाऱ्याने नळ्या जागेवरच ठेवलेल्या बऱ्या.

राहिला मुख्य मुद्दा, या नळ्या हवा किती तापवतात. कूलंट साधारण नव्वद अंशांचं, थ्रॉटल बॉडी ॲल्युमिनियमची, म्हणजे हात लावला तर भाजणारच. त्यावरूनच लोकांचा समज होतो. पण हवा तिथे थांबते किती? दीड लिटरचं इंजिन ५००० आरपीएमला पूर्ण थ्रॉटलवर सेकंदाला साठ लिटरच्या आसपास हवा ओढतं. थ्रॉटलचं तोंड ५० मिमीचं धरलं तर हवेचा वेग सेकंदाला तीस मीटर होतो, आणि आठ सेंटीमीटर लांबीची ती बॉडी हवा सेकंदाच्या तीनशेव्या-चारशेव्या भागात पार करते. भरताचं वांगं जाळावरून नुसतं फिरवलं तर त्याची साल तरी करपते का? कागदावर हिशेब केला की हवा एक ते दोन अंश तापते असं निघतं. हवा तीन अंश तापली की तिची घनता सुमारे एक टक्का कमी होते. म्हणजे पूर्ण दाबून चालवताना तुमच्या हातात येणार अर्धा टक्का, शंभर हॉर्सपॉवरच्या गाडीत अर्धा हॉर्सपॉवर. टायरमध्ये हवा कमी असेल तर यापेक्षा जास्त जातं.

उभ्या गाडीत मात्र हिशेब बदलतो. आयडलला इंजिन सेकंदाला जेमतेम दोन-तीन ग्रॅम हवा घेतं, ती सावकाश सरकते आणि भिंतीची उष्णता चांगली घेते. तिथे नळ्या खरोखर हवा तापवतात. पण तिथे ताकद हवी कुणाला? आणि पेट्रोल गाडीत अर्ध्या थ्रॉटलवर हवा थोडी गरम मिळाली तर पाय जरासा जास्त दाबला जातो, इतकंच. उलट बटरफ्लाय जास्त उघडं राहिल्यामुळे इंजिनाला ओढायचा त्रास कणभर कमीच होतो. तुमची तक्रार पूर्ण दाबण्याच्या वेळची आहे आणि नेमकं तेव्हाच नळ्यांचं काही चालत नाही.

यावर माझा भरवसा हिशेबापेक्षा एका नेहमीच्या दृश्यामुळे जास्त आहे. आपल्याकडे कूलंटची पातळी उतरली की बोअरचं पाणी ओतायची पद्धत आहे. ते पाणी जड, क्षाराचं. थ्रॉटल बॉडीतला पाण्याचा मार्ग बारीक असतो, काही वर्षांत तो क्षार आणि गंजाने गच्च भरतो. गॅरेजला आलेल्या जुन्या गाड्यांत इंजिन गरम असताना दोन्ही नळ्यांना बोट लावून बघतो, पुष्कळदा एक चटका देते आणि दुसरी कोमट असते. म्हणजे पाणी फिरतच नाही, बायपास आपोआप झालेला आहे. पण त्यातल्या एकाही मालकाने येऊन ‘दादा, गाडी अलीकडे फार छान पळते’ असं सांगितल्याचं आठवत नाही. सांगतात ते एवढंच, ‘दादा, गाडी वढस नही.’

मग ६८ आले कुठून? उभी गाडी, वर ४४-४५ अंशांचं ऊन, खाली डांबर त्याहून तापलेलं, समोर एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर, आणि फॅन ती सगळी गरम हवा बॉनेटच्या आत ढकलतोय. आतलं तापमान सत्तरच्या वर सहज जातं. फिल्टरचा डबा प्लॅस्टिकचा असला तरी त्याच वाफाऱ्यात बसलेला. त्यामुळे उभ्या गाडीचे ६८ बघून मी घाबरणार नाही. मला हवा आहे तो चालत्या गाडीचा आकडा. नशिराबादच्या पुढे ऐंशीच्या वेगाने दहा मिनिटं चालवल्यावर रीडिंग बाहेरच्या हवेपेक्षा पाच-दहा अंश जास्त असेल तर सगळं ठीक आहे. वीस किंवा जास्त असेल तर इंजिन बाहेरची हवा घेतच नाहीये, बॉनेटच्या आतली घेतंय.

अशीच एक गाडी गेल्या उन्हाळ्यात आली होती, तक्रार तुमच्यासारखीच. फिल्टर नवा, प्लग नवे, इंजेक्टर साफ करून घेतलेले, आणि आता नळ्या बायपास करून द्या म्हणून आलेले. स्कॅनर लावून महामार्गावर चक्कर मारली, चालत्या गाडीत हवा बाहेरच्यापेक्षा पंचवीस अंश गरम. बॉनेट उघडून फिल्टरच्या डब्याच्या खालच्या तोंडात हात घातला. तिथून पुढे हेडलाइटच्या मागून ग्रिलपर्यंत जाणारं प्लॅस्टिकचं नाक असतं, ते नव्हतंच. गाडीला पुढून ठोकर बसलेली, बंपर आणि हेडलाइट नवे बसवले, पण ते वीस-पंचवीस सेंटीमीटरचं नाक कुणीतरी ‘याच्यावाचून काही अडत नाही’ म्हणून टाकून दिलं. डब्याचं उघडं तोंड थेट रेडिएटर फॅनच्या मागच्या बाजूला. रेडिएटरच्या दोन्ही बाजूंचे स्पंजचे पट्टेही गायब, त्यामुळे उभ्या गाडीत फॅनने मागे फेकलेली गरम हवा बाजूच्या फटीतून वळून परत पुढे यायची आणि पुन्हा रेडिएटरमधून जायची. भंगारातून त्याच मॉडेलचं नाक आणलं, स्पंज चिकटवला. चालत्या गाडीतला फरक दहा अंशांच्या आत आला. उभ्या गाडीत तापमान तेव्हाही चढायचं, पण निघाल्यावर लवकर उतरायचं. नळ्यांना हात लावला नाही.

तेव्हा तुम्ही आधी हे नाक बघा. मग एक्झॉस्ट मॅनिफोल्डवरचा पत्रा बघा. त्याचे बोल्ट गंजून तुटतात आणि पत्रा खडखडतो म्हणून काढून फेकतात, मग मॅनिफोल्डची धग मोकळी सुटते. कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधली जागा टॉर्च लावून बघा. आपल्याकडे काळ्या मातीची धूळ आणि जिनिंगच्या हंगामात कापसाची रुई तिथे नमद्यासारखी बसते. पाणी मारताना प्रेशर वॉशर जवळून मारू नका, जाळीचे पंख वाकले की धूळ परवडली म्हणायची वेळ येते. आणि मूळ डबा काढून उघडा कोन फिल्टर लावला असेल तर तो आधी काढा. आवाज वाढतो, गाडी पळाल्यासारखी वाटते, आणि इंजिन बॉनेटच्या आतली तापलेली हवा पीत राहतं. थ्रॉटलची बॉडी आतून काळी झाली असेल तर ती साफ करून घ्या. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलचं बटरफ्लाय बोटाने जोर लावून ढकलू नका, आणि साफ केल्यावर ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, आयडल पुन्हा शिकवून घ्या. नळ्या कापण्यापेक्षा याचा फरक पायाला नक्की जाणवतो.

हवा खरोखर वीस अंश जास्त गरम असेल तर काय होतं तेही सांगतो, म्हणजे तुमची तक्रार मी हलकी घेत नाही हे कळेल. ४५ अंशांऐवजी ६५ अंशांची हवा गेली की घनता सहा टक्क्यांनी घटते. त्याशिवाय गरम हवेत इंजिनाला खटखट लागण्याची भीती असते म्हणून ईसीयू टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) मागे घेतो, ताकद आणखी उतरते. हे झालं दुरुस्त करण्याजोगं. पण जानेवारीतल्या २४ अंशांच्या दुपारी आणि मेमधल्या ४४ अंशांच्या दुपारीही घनतेत तेवढाच, सहा टक्क्यांचाच फरक आहे, आणि वर एसीचा कॉम्प्रेसर तीन-चार हॉर्सपॉवर खातो. तो भाग कोणत्याही मेकॅनिकच्या हातात नाही. मेमध्ये जळगावची गाडी जानेवारीसारखी पळणार नाही, त्यासाठी पैसे मोजू नका.

एवढं सांगूनही करून बघायचंच असेल तर कापण्याआधी चिमटा लावून बघा. होज दाबायचा प्लॅस्टिकचा चिमटा मिळतो. तो त्या दोन नळ्यांपैकी एकीला लावा, स्कॅनरवर कूलंटच्या तापमानाकडे लक्ष ठेवून अर्धा तास चालवा, पूर्ण दाबूनही बघा. फरक जाणवला नाही, आणि माझ्या मते जाणवणार नाही, तर चिमटा काढा आणि विषय तिथेच सोडा. मात्र गाडीला सीएनजी किंवा एलपीजी किट असेल तर हा प्रयोगही करू नका. किट बसवणारे पुष्कळदा रेड्युसरला (गॅसचा दाब उतरवणाऱ्या भागाला) लागणारं गरम पाणी याच बारीक नळीतून घेतात. सीएनजीच्या सिलिंडरमधला २०० बारचा गॅस रेड्युसरमध्ये एकदम उतरतो तेव्हा तो बर्फासारखा गार होतो, गरम पाणी नसेल तर रेड्युसर गोठतो आणि गाडी गॅसवर झटके मारत बंद पडते, तेही भर मे महिन्यात. नव्वदच्या दशकातल्या काही होंडा-टोयोटांमध्ये आणखी एक भानगड आहे. त्यांच्या थ्रॉटलखाली मेण भरलेली झडप असते. कूलंटने मेण तापून फुगलं की थंड इंजिनाचं वाढवलेलं आयडल खाली येतं. तिला पाणी मिळालं नाही तर गाडी दिवसभर दीड-दोन हजारांवर भुणभुणत राहते. तुमच्या गाडीत ते नाही.

करायचंच ठरलं तर इंजिन पूर्ण थंड झाल्यावर करा. दोन्ही नळ्या थ्रॉटलवरून काढून त्यांची टोकं पितळी जॉइंटने एकमेकींना जोडायची. बोल्ट ठोकून बंद करायची नाहीत. काही इंजिनांत अडकलेली हवा याच मार्गाने बाहेर पडते, तो बुजवला की हेडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागात, हवेचा फुगा राहतो. थ्रॉटलच्या मोकळ्या तोट्यांवर रबरी टोप्या घाला, म्हणजे माती जाणार नाही आणि उद्या परत जोडता येईल. नळी कूलंटचीच हवी. मूळ नळी लांबीला पुरत असेल तर तीच वापरा, कापू नका. स्प्रिंगच्या मूळ क्लिपा उत्तम, स्क्रूची क्लिप घट्ट पिळून नळीत रुतवायची नाही. मग हीटर पूर्ण गरमवर ठेवून हवा काढा, डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळलेलं कूलंट भरा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनावर पातळी परत बघा. वॉरंटीतल्या गाडीला यातलं काहीच करू नये, पुढे कूलिंगचा कोणताही बिघाड निघाला तरी बोट याकडेच दाखवलं जाईल.

खरा धोका इथेच, जोडणीत आहे. एकाने लेव्हल बघायची पारदर्शक नळी लावून बायपास केला होता, स्वस्त आणि आत पाणी दिसतं म्हणून. ही नळी नव्वद अंशांना शेवयासारखी मऊ पडते, आणि रेडिएटरच्या झाकणामुळे आत एक बारहून जास्त दाब असतो. एरंडोल-पारोळ्याच्या मध्ये ती क्लिपेतून निसटली आणि कूलंट रस्त्यावर. गाडी चालवणाऱ्याने काटा बघितला, काटा खाली आलेला. त्याला वाटलं गाडी थंड झाली. पाणी संपलं की तापमानाचा सेन्सर कोरडा पडतो, हवेत लटकतो आणि कमीच दाखवतो. तो तसाच पुढे गेला. हेड वाकलं, गॅस्केट उडालं, आणि अर्ध्या हॉर्सपॉवरपायी इंजिन उघडावं लागलं.

म्हणून माझा सल्ला, या रविवारी तीन आकडे घ्या. अजिंठा चौफुलीवर एसी लावून पाच मिनिटं उभं असताना, ऐंशीने दहा मिनिटं सरळ चालवताना, आणि तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण दाबल्यावर. प्रत्येक वेळी बाहेरचं तापमानही लिहा, पण ते डॅशबोर्डवरचं नको, सावलीत धरलेल्या साध्या थर्मामीटरचं. आणि हेडलाइटच्या मागे, फिल्टरच्या डब्याच्या तोंडाचा एक फोटो काढून पाठवा. नाक जागेवर नसेल तर भंगारात त्याचे फारसे पैसे पडणार नाहीत, मी माहिती देतो कुठे मिळेल ते.